बद्द वाजणारी हिरवी बांगडी

मला चिनी मातीतलं कळायला लागलं ते लोणच्यामुळे. हे वाचून कुणी हसेल तर हसू दे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, आणि चीन नकाशात नेमका कुठे हे मला मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात बघून कळलं. पण बरणी हातात आली की ती आपली की परकी, जुनी की जुनी म्हणून खपवलेली, हे मी डोळे मिटून सांगायचे. अजूनही सांगते, फक्त आता कुणी विचारत नाही.

आम्ही तेव्हा अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला चाळीत राहायचो. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात होते. मी उन्हाळ्यात लोणचं घालून विकायचे. कैऱ्या वांगणीकडच्या बायका आणून द्यायच्या, आंबट, घट्ट, दात आंबतील अशा. पहिल्या वर्षी दहा किलो घातलं, पुढे पुढे घरात पाय ठेवायला जागा राहिना. लोणच्याला बरणी लागते चिनी मातीची. स्टीलला मीठ खातं, प्लॅस्टिक वास धरतं. नव्या बरण्या परवडायच्या नाहीत, म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जुन्या सामानाच्या दुकानात जायचे.

ऐंशीच्या पुढचे ते दिवस. घराघरात प्लॅस्टिकचे डबे शिरत होते. बोहारीणसुद्धा जुन्या कपड्यांवर बादल्या द्यायला लागली होती. त्यातच सिंधी लोकांनी फाळणीनंतर छावणीत राहायला मिळालेल्या बॅरेकी पाडून वर मजले चढवायला घेतले. नवीन घर झालं की जुनं सामान बाहेर. पलंग, आरसे, दिवे, आणि त्यात कुठेतरी पेंढ्यात गुंडाळलेल्या बरण्या, वाडगे, फुलदाण्या. तो सगळा माल त्या दुकानात यायचा.

दुकानदार सिंधी म्हातारे होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. ते मला भेण म्हणायचे, म्हणजे बहीण. त्यांचे वडील तरुणपणी सिंगापूरला एका दुकानात नोकरीला होते, त्यामुळे चिनी वस्तू त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. डोळा पक्का होता. पण कान गेले होते, मोठ्याने बोललं तरच ऐकू यायचं. आणि बरणीचं तर निम्मं गुपित आवाजात असतं.

म्हणून आमची जोडी जमली. मी बोटाचं पेर वाकवून बरणीवर टिचकी मारायचे. घंटेसारखी वाजली तर अखंड. बद्द वाजली तर कुठेतरी केस गेलेला आहे, केस म्हणजे केसाएवढा बारीक तडा, जो डोळ्यांना दिसत नाही पण तेलाला बरोबर सापडते. मी मान हलवली की दादा ती बरणी बाजूला ठेवायचे. बदल्यात मला लोणच्याच्या बरण्या स्वस्तात मिळायच्या. कागदावर काही नव्हतं, पण चौदा-पंधरा वर्षं चाललं.

एकदा त्यांनी मला निळ्या नक्षीची एक पोटवाली बरणी हातात घेऊ दिली. झाकणाची, पांढरीशुभ्र, वर मासे पोहताहेत.

मी विचारलं, "यात किती मावेल?"

"भेण, ये लोणचे की बरणी नहीं है. ये चायना है."

"चायनाची असली म्हणून काय, लोणचं मावेल ना?"

"तीन किलो मावेल. लेकिन लोग इसमें फूल रखते हैं."

"फुलं दोन दिवसांत सुकतात दादा. लोणचं वर्षभर राहतं."

त्यांनी कपाळाला हात लावला. मी बरणीची किंमत किलोवर करायचे, ते वयावर करायचे, यावरून आमची रोजची हुज्जत. शेवटी त्यांनी मला खाली बसवलं आणि बरणी उलटी केली. म्हणाले, तोंड सगळे बघतात, तू बूड बघ.

तेव्हापासून मी बुडं बघायला लागले. बुडाची कडा असते, तिच्यावर चकाकी चढवलेली नसते, तिथे माती उघडी असते. चिनी असेल तर ती माती पांढरी, पिठासारखी बारीक. आपल्याकडची वर तपकिरी-खाली पिवळट बरणी असते ना, तिची कडा भरड लागते, रव्यासारखी. जुन्या वस्तूच्या कडेला वर्षानुवर्षांचा मळ मुरलेला असतो. नव्याला चहाच्या पाण्यात बुडवून मळवतात. मी पदराचं टोक ओलं करून घासायचे. पदर तपकिरी झाला की समजायचं, काल चहा प्यालेली बरणी आहे. हाताने काढलेली रेघ जाड-बारीक होते, छापलेली सगळीकडे सारखी. तळाला इंग्रजीत चायना लिहिलं असेल तर माल परदेशात विकायला केलेला, म्हणजे फार जुना नाही. नुसती चिनी अक्षरं असली म्हणून मात्र हुरळून जायचं नाही. दादा सांगायचे की चिनी कारागीर आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळच्या राजाचं नाव टाकतात, फसवायला नाही, मान म्हणून. आता बोला.

आणि फुटका तुकडा मिळाला तर मी त्याला जीभ लावायचे. कच्ची भाजलेली माती जिभेला चिकटते, पाणी ओढते. चिनीचा तुकडा चिकटत नाही, काचेसारखा गुळगुळीत लागतो. दुकानात आलेली गिऱ्हाइकं बघायची, ही बाई खापऱ्या चाटतेय. एक बाई तर दादांना मोठ्यानेच म्हणाली की हिला कॅल्शियमच्या गोळ्या द्या.

ती माशांची बरणी मी घेतली आणि तीन किलो लिंबाचं लोणचं घातलं. दादा आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

बोलले ते एका कामासाठी. म्हणाले, "भेण, चल जरा. एक चूड़ी बजानी है."

कॅम्प चारमध्येच, दुकानामागे दोन गल्ल्या सोडून, एका सिंधी अम्माचं घर होतं. तळमजल्यावर ती, तिचा मुलगा, सून, नातू. वरच्या मजल्यावर तिची नणंद. दोघी सत्तरीच्या, दोघी विधवा, दोघी पांढऱ्या कपड्यात. एकमेकींवाचून एक दुपार जात नसे आणि एकमेकींना टोचल्यावाचूनही जात नसे. आम्ही गेलो तेव्हा नणंद आधीच खाटेवर येऊन बसली होती.

अम्माने कपाटातून मलमलीची पुरचुंडी काढली. आत हिरवी बांगडी. जाड, गोल, कोवळ्या पानाच्या रंगाची, मध्ये मध्ये दुधाची झाक. समोरासमोर दोन ठिकाणी सोन्याचे पट्टे चढवलेले, त्यांच्यावर फुलं कोरलेली. अम्माचे मिस्टर फाळणीच्या आधी परदेशात एका सिंधी पेढीच्या दुकानात कामाला होते. लग्नाला घरी आले ते ही बांगडी घेऊन. जेड आहे म्हणाले. जेड म्हणजे चिनी लोकांचा हिरवा दगड, त्यांच्याकडे त्याला सोन्याहून मान. मग सगळं सोडून इकडे यावं लागलं, छावणीत दिवस काढले, त्यातही अम्माने ही बांगडी विकली नाही.

नणंद म्हणाली, "बेचती कैसे? काँच कौन लेता?"

तर प्रश्न हा होता. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही नणंद म्हणत होती की भावाने बायकोला काच घातली आणि जेड म्हणून सांगितलं. भाऊ बढाया मारणारा होता, हे अम्माही कबूल करायची. तो जाऊन चार वर्षं झाली होती. आता नातवाचं लग्न ठरलं होतं, आणि अम्माला ही बांगडी सगळ्यांसमोर नातसुनेच्या हातात घालायची होती. पण काच निघाली तर भर मांडवात हसं होणार, आणि ते मेलेल्या माणसाचं. अम्मा मला म्हणाली, "बेटी, मुझे दाम नहीं पूछना. वो झूठ बोला कि सच, इतना बता."

दादांनी बांगडी उन्हात धरून पाहिली. त्यांना वाटत होतं खरी आहे, पण सोन्याच्या पट्ट्यांमुळे नीट सांगता येईना. म्हणाले, खरं जेड दोऱ्याला टांगून वाजवलं की गातं. आणि माझ्याकडे बघितलं.

मी शिलाईच्या दोऱ्याला बांगडी टांगली. चमचा घेतला. मी हळूच मारलं.

टक.

पुन्हा मारलं. टक. ओल्या लाकडावर मारल्यासारखं. मला काय सुचलं कोण जाणे, लोणच्याची बरणी नाकारावी तशी मी मान हलवली आणि म्हणाले, "बद्द आहे अम्मा. खरी नाही वाटत."

नणंदेने पदर नीट केला. अम्माने बांगडी पुन्हा मलमलीत गुंडाळली, चार घड्या, पहिल्यासारख्याच. मग आत जाऊन आमच्यासाठी भाजलेला पापड आणि पाणी आणलं. सिंधी घरात आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. तो पापड मी चावत होते आणि त्या खोलीत तेवढाच आवाज येत होता.

घरी आले तरी चैन पडेना. दोन-तीन दिवस गेले. रविवारी मी नव्या आणलेल्या बरण्या तपासायला काढल्या, आमचे हे शेजारी बसून पेपर वाचत होते. एक बरणी वाजवली, बद्द. मी ती बाजूला सारली.

यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "का गं, नकली आहे?"

"नकली कशाला असेल? तडकलीय. बरणी चांगली चिनीच आहे."

"मग त्या म्हातारीच्या बांगडीला नकली कशी म्हणालीस? तीही बद्दच वाजली म्हणत होतीस."

मी ती बरणी पुन्हा पुढे ओढली. दहा वर्षं मी बरण्या वाजवत होते. बद्द वाजली की घ्यायची नाही, एवढंच डोक्यात बसलेलं. नाही घ्यायची आणि खरी नाही, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एक झाल्या ते मलाच कळलं नव्हतं. काचेचा ग्लास चमच्याने वाजवून बघा, तो तर किणकिणतो. म्हणजे ती बांगडी काच असती तरी वाजली असती. बद्द आवाज एकच गोष्ट सांगतो, की वस्तू मोडलेली आहे. आणि मोडायला वस्तू खरीही असू शकते.

"कारखान्यात हेच शिकवतात काय तुम्हाला?" मी यांना म्हटलं.

"कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पेपर वाचायला शिकवतात," हे म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच अम्माकडे गेले. नणंद होतीच. मला बघून म्हणाली, "आ गयी बरणीवाली. अब क्या बजायेगी, मेरा सिर?"

मी सरळ सांगितलं, की अम्मा, माझी चूक झाली. आवाजावरून मी खोटी म्हणाले, पण आवाजावरून ती फक्त मोडकी ठरते. आणि मोडली असेल तर ती या सोन्याच्या पट्ट्यांखाली मोडली असेल. सोनाराकडून पट्टे काढून बघू या.

अम्मा म्हणाली, "सोना तो उसने मेरे लिये चढ़वाया था. शादी का बोलके."

"हां, तेरे लिये," नणंद म्हणाली. पण उठली ती तीच आधी. चपला घालून दारात उभी राहिली.

आम्ही तिघी सोनाराकडे गेलो, वाटेत दादांनाही घेतलं. सोनार तरुण होता, बांगडीकडे बघून म्हणाला की जुनं काम आहे, पट्टे आतून लाखेने बसवलेत, जरा शेक दिला की सुटतील. त्याने दिव्यावर एक पट्टा हळूहळू तापवला. लाखेचा जळका वास आला. पट्टा सरकला, मग दुसरा. आणि बांगडीचे दोन अर्धे भाग टेबलावर पडले.

अम्माने तोंडावर हात ठेवला.

मी एक अर्धुक उचललं. मोडलेली वस्तू मला नवीन नव्हती, खापऱ्यांवरच मी शिकलेली. काच फुटली की तिची कड चकचकीत, शिंपल्यासारखी वळणाची असते. ही कड तशी नव्हती. खडीसाखर मोडल्यावर दिसते तशी, बारीक बारीक कणांची, आणि हिरवा रंग आरपार, ढगासारखा आत आत गेलेला. रंगवलेला दगड असता तर रंग नुसता बाहेरच्या सालीला नाहीतर भेगांत दिसला असता. काच असती तर आत बुडबुडे असते. दादांनी भिंग लावून पाहिलं, बुडबुडा एकही नाही. मग सुई घेतली आणि आतल्या बाजूला, पट्ट्याखाली लपेल अशा जागी, जोर लावून ओढली. दगडावर ओरखडा नाही, उलट सुईच्या लोखंडाची काळी रेघ राहिली, ती त्यांनी बोटाने पुसून टाकली.

दादा हळू बोलू शकत नसत, कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. ते त्या छोट्याशा दुकानात केवढ्यानं म्हणाले, "अम्मा, असली है. एकदम असली. तोड़ के लाया था."

अम्मा आधी हसली की आधी रडली ते मी सांगू शकत नाही, दोन्ही एकदम चाललं होतं. "बोटीत पाडली असेल," ती म्हणाली, तिच्या सिंधी-हिंदीत, आणि मग एकेक गोष्ट सांगत सुटली. हा माणूस जहाजातून उतरला तेव्हा म्हणे तोंड उतरलेलं होतं. घरी यायच्या आधी दोन दिवस कराचीला राहिला, मित्राकडे म्हणाला. मित्र कसला, सोनार. आणि मग मोठ्या ऐटीत सांगितलं की नुसतं जेड काय द्यायचं, मी वर सोनं चढवून आणलं. "सारी उमर मैं सोना दिखाती रही," अम्मा म्हणाली, "और सोने के नीचे उसकी चोरी थी."

नणंद अर्धुक हातात घेऊन उलटसुलट बघत होती. म्हणाली, "बचपन में भी ऐसा ही था. मटका तोड़ के उस पे फूल रख देता था."

दादांनी किंमत सांगितली ती दोन प्रकारे. अखंड असती तर एवढी, मोडकी म्हणून तिच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही. अम्माला त्यातलं काही ऐकायचंच नव्हतं. पण एक अडचण मात्र खरी होती, आणि ती सोनारानेच बोलून दाखवली. मोडलेली बांगडी नव्या नवरीच्या हातात कशी घालणार? सोनं लावून कितीही सांधली तरी आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. सिंधी असो, मराठी असो, नवरीला फुटकी बांगडी कुणी घालत नाही.

अम्मा स्वतःचा मोकळा हात पुढे करून म्हणाली, "बहू को नहीं दे सकती. ठीक है. टूटी चूड़ी विधवा नहीं पहनेगी तो कौन पहनेगा?"

सोनार बघतच राहिला. नणंदेने पहिल्यांदा अम्माच्या बाजूने तोंड उघडलं. त्याला म्हणाली, "देखता क्या है, नाप ले."

अम्माची बोटं संधिवाताने सुजलेली, अखंड बांगडी तिच्या हातात चढलीच नसती. मोडकी होती म्हणून चढली. सोनाराने त्याच जुन्या पट्ट्यांतून एका जोडाला बिजागरी केली आणि दुसऱ्याला पेच. हात घालायचा, मिटायचं, पेच फिरवायचा. नातसुनेला अम्माने आपल्या कानातली कर्णफुलं दिली.

लग्नाला मला बोलावणं होतं, आणि माझ्या लोणच्यालाही. पांढऱ्या साडीवर ती हिरवी बांगडी घालून अम्मा मांडवात मिरवत होती. काही बायका कुजबुजल्या. अम्माने त्यांच्यापुढे हात धरला आणि नवऱ्याने बांगडी कशी फोडली आणि कशी लपवली ते पहिल्यापासून सांगितलं. चौथ्यांदा सांगेपर्यंत बोट वादळात सापडली होती.

नणंद माझ्या शेजारी जेवायला बसली होती. बराच वेळ अम्माकडे बघत होती. मग ताटाकडे बघत म्हणाली, "मेरे लिये वो रुमाल लाया था. रेशम का. दो साल में फट गया."

अम्माचे कान दादांसारखे नव्हते. ती आली, खुर्ची ओढून बसली, पेच फिरवला, बांगडी काढली आणि नणंदेच्या हातात घालून मिटली. म्हणाली, "शाम को वापस देना. भाई तेरा था, लेकिन शादी मेरे से हुई."

संध्याकाळी बांगडी परत आली नाही. आठवडाभरानेही नाही. त्यावरून दोघींची बोलाचाली, मग अबोला, मग सुनेने मध्ये पडून वार वाटून दिले. पुढे मी केव्हाही बरण्या बघायला गेले की आधी अम्माकडे डोकावायचे. एकदा गेले तर ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वरच्या मजल्याकडे तोंड करून सांगत होती की आज मंगळवार आहे, मंगळवार माझा, आणि वरून उत्तर येत होतं की पेच अडकलाय, निघत नाही, उद्या ये.